प्रभातच्या अंगणातून मुष्टियुद्धाच्या रिंगणात

मुष्टियोद्धा रिंगणात गात नाही. तिथे घंटा असते, धाप असते, कोपऱ्यातून प्रशिक्षकाने दिलेली हाक असते आणि दोरांपलीकडे लोकांचा गलका असतो. गाण्याला जागाच नसते. म्हणून मुष्टियोद्ध्यावर चरित्रपट काढायचं ठरलं की सगळ्यात अवघड काम संगीतकाराच्या वाट्याला येतं. जो माणूस ठोसा मारताना तोंडातून शब्दही काढत नाही, त्याच्या आयुष्याला सूर कुठून आणायचा?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की पुण्यातल्या एका आवारापाशी पोहोचायला होतं. मुष्टियोद्धा मेरी कोमवरचा ‘मेरी कोम’ २०१४ साली आला. त्याचे एक निर्माते संजय लीला भन्साळी. भन्साळी संकलन शिकले पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. ही इन्स्टिट्यूट उभी आहे प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर, आणि ज्यांचं जगणंच गाणं होतं अशा माणसांचे चरित्रपट प्रभातनेच आपल्याला दिले. गाणाऱ्या तुकोबांपासून न गाणाऱ्या मेरीपर्यंतची ही वाट याच आवारातून गेली आहे. ती सलग मांडावी असं बरेच दिवस मनात होतं.

हैदराबादच्या मलकपेठेत बसून हे लिहिण्यालाही कारण आहे. आमच्या भागाला बाहेरचे लोक रेसकोर्सवरून आणि महबूब गंजातल्या कांद्याच्या बाजारावरून ओळखतात. पण इथल्या मराठी घरांचा गावाकडचा रस्ता शेजारच्या काचीगुड्याच्या स्टेशनातून निघतो आणि निजामाबादवरून नांदेडला, पुढे मनमाडला जातो. त्या वाटेवरच्या निजामाबादची निखत झरीन मुष्टियुद्धात दोनदा जगज्जेती झाली. तिच्यावर उद्या चित्रपट निघाला तर त्यात काय वाजेल, ही काळजी आम्हाला घरची वाटते.

प्रभातची सुरुवात कोल्हापुरात झाली, १ जून १९२९ रोजी. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. तेव्हा चित्रपट मुके होते, तरी कंपनीच्या बोधचिन्हातली स्त्री तुतारी फुंकत होती. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः गायले आणि संगीतही त्यांनीच दिलं. अभिनय, गायन आणि रचना एकाच माणसाकडे असावी हे त्या काळात कुणाला नवल वाटत नव्हतं, कारण संगीत नाटकाने लोकांना तशी सवयच लावली होती.

१९३३ साली कंपनी पुण्याला आली. दोन वर्षांनी एकनाथांवर ‘धर्मात्मा’ निघाला. त्याचं मूळ नाव ‘महात्मा’ होतं, पण गांधीजींचा संदर्भ लागतो म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं. एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व आणि संगीत मास्तर कृष्णरावांचं. तयारी अशी असूनही चित्रपट हवा तसा ठसला नाही. मला त्याचं कारण असं दिसतं की त्यात एकनाथांपेक्षा बालगंधर्व मोठे ऐकू येतात. श्रोता गायकाची तान ऐकतो आणि संत मागे राहतात. चरित्रपटाच्या संगीतावरचं हे पहिलं संकट. रंगभूमीवर जे बळ होतं तेच इथे आड आलं.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, ‘संत तुकाराम’ आला. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं, संगीत केशवराव भोळ्यांचं. केशवराव मूळचे वैद्यकीचे विद्यार्थी. ते शिक्षण सोडून गाण्यात आले, ‘एकलव्य’ या नावाने गवयांवर लिहू लागले आणि १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकातून भावगीताच्या अंगाचं, आटोपशीर संगीत त्यांनी रंगभूमीवर आणलं. आटोप म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तुकारामांच्या भूमिकेत आलेले विष्णुपंत पागनीस भजन गाणारे. त्यांच्याकडून केशवरावांनी तानबाजी मागितली नाही. टाळ, मृदंग, वीणा यांच्या पलीकडे फार काही वाजत नाही, आणि अभंग येतो तो काम करता करता, चालता चालता. शेत राखताना, ओझं वाहताना, घरात जिजाई करवादत असताना तुकोबा गातात. त्यामुळे आता गाणं सुरू झालं, असं प्रेक्षकाला वाटतच नाही. बोलण्याचा जरा वरचा मजला म्हणजे ते गाणं.

त्यातलं एक पद तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी ते चित्रपटासाठी रचलं. पण ते असं उतरलं की जाणकारांनीसुद्धा तो तुकोबांचाच अभंग समजून गाथेत शोध घेतला. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. चरित्रपटातलं प्रत्येक अक्षर त्या माणसाच्या तोंडचं असायलाच हवं असं नाही. पण लिहिणाऱ्याने त्याच्या भाषेत, त्याच्या श्रद्धेत इतकं मुरलेलं असावं की नवं अक्षर त्याचंच वाटावं. आठवले तसे मुरले होते. चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्यांनाही तो माणूस का गातो, हे कळलं.

त्याच वर्षी प्रभातने याच्या उलट टोकाचा प्रयोग केला. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा ‘कुंकू’ हा चरित्रपट नव्हे, सामाजिक चित्रपट. तरी या वाटचालीत तो मधोमध उभा आहे. शांतारामांनी ठरवलं की पार्श्वसंगीत ठेवायचं नाही. जे कानावर पडेल त्याचा उगम पडद्यावरच्या जगात असला पाहिजे. शांता आपट्यांची नीरा गाते तेव्हा ग्रामोफोन किंवा हाताशी असलेली एखादी वस्तू साथ करते. बाकी सगळं घड्याळाच्या ठोक्यांवर, पावलांवर आणि शांततेवर सोडलेलं. संगीतकार पुन्हा केशवराव भोळेच. एका वर्षाच्या अंतराने एकाच माणसाने गाण्याने भरलेला चित्रपटही केला आणि गाणं मोजूनमापून वापरणाराही. या दोन्ही शिस्ती एका छपराखाली होत्या. मुष्टियुद्धाच्या चित्रपटाला जे शिकायचं आहे ते सगळं या दोन चित्रपटांत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१) आले. सखू झाल्या हंसा वाडकर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त मात्र चरित्रनायक संत नाही, न्यायाधीश आहे. गाणी तिथेही आहेत आणि लोकांच्या ओठी बसली, पण चित्रपट पेललेला आहे तो गजानन जागीरदारांच्या करड्या बोलण्याने. माणूस मोठा आहे, पण गाणारा नाही, असा पेच प्रभातपुढे बहुधा तेव्हाच पहिल्यांदा उभा राहिला. शांतारामांनी १९४२ मध्ये कंपनी सोडली होती. प्रभातमध्येच घडलेले वसंत देसाई त्यांच्याबरोबर राजकमलला गेले आणि तिथे सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांच्या, नंतर होनाजी बाळाच्या चरित्रपटाला त्यांनी संगीत दिलं. इकडे प्रभात खंगत गेली आणि १९५३ साली बंद पडली.

सात वर्षांनी, १९६० मध्ये, सरकारने त्या जागी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. दूरचित्रवाणीचं शिक्षण तिला १९७४ साली जोडलं गेलं. प्रभातच्या स्टुडिओंत आता विद्यार्थी प्रकाशयोजना शिकू लागले. ऋत्विक घटक इथे उपप्राचार्य होते. पण संगीताच्या अंगाने बघता मला भास्कर चंदावरकर अधिक महत्त्वाचे वाटतात. सतारवादक, ‘घाशीराम कोतवाल’चे संगीतकार, ‘सामना’चेही. इथे त्यांनी पंधराएक वर्षं संगीत शिकवलं. संकलन, छायालेखन, दिग्दर्शन शिकायला आलेल्या मुलांना त्यांनी ऐकायला लावलं. चित्रपटाचं संगीत केवळ संगीतकाराच्या मर्जीवर नसतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज काढून घ्यायचा हे दिग्दर्शकाला आणि संकलकाला कळलं पाहिजे, आणि ते कळावं अशी सोय एका सरकारी संस्थेने करून ठेवली ही फार मोठी गोष्ट होती.

या टप्प्यावर हैदराबादचं माणूस वाटेत येतं. श्याम बेनेगल सिकंदराबादच्या तिरुमलगिरीत जन्मले, निजाम कॉलेजात शिकले. ‘अंकुर’मध्ये त्यांनी इकडची दखनी बोली पडद्यावर आणली. ते दोनदा पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. त्याआधी १९७७ साली त्यांनी ‘भूमिका’ केला तो हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून. प्रभातची सखू चरित्रपटाचा विषय झाली. वनराज भाटियांनी या चित्रपटासाठी जुन्या जमान्यातल्या चित्रगीतांच्या घाटाची गाणी बांधली. नायिका पडद्यावरच्या पडद्यावर गाते, आणि घरी आली की गाणं थांबतं, भांडण सुरू होतं. गाणं तिच्या पोटापाण्याचं आहे, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. संतपटानंतर मराठी आयुष्यावरच्या चरित्रपटाने संगीताचा असा प्रामाणिक वापर केल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आता ‘मेरी कोम’. दिग्दर्शक ओमंग कुमार, मेरीच्या भूमिकेत प्रियांका चोप्रा. ५ सप्टेंबर २०१४ रोजी तो प्रदर्शित झाला. गाणी शशी सुमन आणि शिवम पाठक यांची, गीतं प्रशांत इंगोले आणि संदीप सिंग यांची, पार्श्वसंगीत रोहित कुलकर्णींचं. इंगोल्यांची मराठी वाचकाला वेगळी ओळखही आहे, पुढच्याच वर्षी ‘बाजीराव मस्तानी’त बाजीरावाच्या जल्लोषाचं गाणं त्यांनी लिहिलं.

मेरीचं चरित्र असं की त्यात संगीताला खरं तर खूप वाव होता. मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यातलं कांगाथेई हे गाव, कोम ही छोटीशी जमात, आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. २००२ साली ती पहिल्यांदा जगज्जेती झाली, चित्रपट आला तोवर पाचदा झाली होती आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं होतं. जुळ्या मुलांची आई झाल्यावर तिने पुन्हा हातमोजे चढवले आणि २००८ मध्ये जगज्जेतेपद परत घेतलं. शिवाय ही बाई स्वतः गाते. समारंभात माइक हाती घेऊन जुनं हिंदी गाणं म्हणताना तिला देशाने पाहिलं आहे.

चित्रपटातली गाणी दोन वळणांची आहेत. सरावाच्या वेळी विशाल ददलानींच्या चढ्या आवाजातलं, जिद्दीचा पुकारा करणारं गाणं येतं. ते कान पकडतं, अंगात वीज भरतं, व्यायामशाळांमध्ये ते खूप वाजलं. पण ते कुठल्याही खेळाडूवर बसेल. धावपटू असो की कुस्तीगीर, शब्द बदलायची गरज पडणार नाही. त्यात मणिपूरचा डोंगर नाही, कोमांची वस्ती नाही, तांदळाचं शेत नाही. अरिजित सिंगचं प्रेमगीत गोड आहे आणि लग्नाच्या प्रसंगाला साजतं. सुनिधी चौहानचं आणि मोहित चौहानचं गाणं आपापल्या जागी नीट बसतं. शेवटाकडे देशाला सलाम करणारं गाणं आणि राष्ट्रगीतही आहे. मला इथे थोडं दुखतं. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर प्रेक्षागृहात माणसं उठून उभी राहिली, त्यांच्या भावनेबद्दल आदरच आहे. पण ज्या बाईच्या चरित्रात इतकं सामर्थ्य आहे, तिच्या विजयाला राष्ट्रगीताचा आधार द्यावा लागू नये. ‘संत तुकाराम’च्या संगीतकाराने असा तयार आधार घेतला नसता.

मग येते अंगाई. ‘चाओरो’ हे तिचं नाव, आणि ती गायली प्रियांका चोप्रानेच. हिंदी चित्रपटासाठी तिने पहिल्यांदा गायलेलं हे गाणं. आवाजाला पार्श्वगायिकेची सफाई नाही, श्वास ऐकू येतो, सूर जरा कापतो. नेमकं हेच बरोबर आहे. दिवसभर ठोसे खाऊन आलेली आई बाळाला निजवताना असंच गाईल. इतर गाणी मेरीबद्दल बोलतात, हे एकच गाणं मेरी स्वतः म्हणते. चित्रपटाने शेवटची झुंज आणि मुलाच्या हृदयावरची शस्त्रक्रिया एकमेकांत गुंफली आहे. त्या ताणाला जे वजन मिळतं ते या अंगाईमुळे, कारण रिंगणातल्या बाईचा दुसरा आवाज तोवर आपण ऐकलेला असतो. रिंगणात न गाणाऱ्या नायिकेला गाणं द्यायचं तर ते रिंगणाबाहेर, तिच्या घरात शोधावं लागतं. भन्साळींच्या चमूने ते शोधलं. तिथे मला प्रभातची ओळखीची चाल ऐकू येते.

पण त्या अंगाईचे सूर मेरीच्याच राज्यात पडद्यावरून घुमले नाहीत. सन २००० पासून मणिपुरात एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली होती, त्यामुळे तिथल्या चित्रपटगृहांत तो लागू शकला नाही. चित्रीकरणही मणिपुरात न होता मुख्यतः मनालीत आणि मुंबईत झालं. ईशान्येच्या अभिनेत्रीला ही भूमिका का दिली नाही, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला, तो रास्तच होता. संगीतालाही तोच प्रश्न विचारावा लागतो. कोमांची स्वतःची गाणी आहेत, प्रार्थनागृहांत एकत्र गाण्याची रीत आहे. त्यातलं किती पडद्यापर्यंत आलं? आठवले तुकोबांच्या मातीत होते तसे या चित्रपटाचे गीतकार कांगाथेईच्या मातीत नव्हते, आणि ते ऐकू येतं.

न गाणाऱ्या मुष्टियोद्ध्याला सूर कुठून आणायचा, या अडचणीची परदेशातही निरनिराळी उत्तरं निघाली. मुहम्मद अलीने स्वतःची भूमिका केलेल्या ‘द ग्रेटेस्ट’ (१९७७) साठी मायकल मासर आणि लिंडा क्रीड यांनी गाणं केलं, ते जॉर्ज बेन्सन गायला. पुढे व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि ते इतकं गाजलं की ते अलीच्या चरित्रपटातलं आहे हेच लोक विसरले. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘रेजिंग बुल’ (१९८०) मध्ये जेक लामोटा झुंजतो, आणि सुरुवातीला वाजतं ते मास्कान्यीच्या ऑपेरातलं मध्यांतराचं संथ संगीत. इटालियन वंशाच्या त्या तापट माणसाच्या रक्तातलाच तो सूर. ठोशांचे आवाज करताना ध्वनिकार फ्रँक वॉर्नरने फळं फुटल्याचे, बंदुकीचे आवाज मिसळले आणि काही जागी सगळा आवाज काढून घेतला. ‘कुंकू’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही शिस्त अनोळखी वाटू नये.

२०२४ साली आपल्याच एका माणसावर चित्रपट आला. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई या अभियांत्रिकी दलात होते आणि सिकंदराबादच्या त्यांच्या केंद्रात त्यांनी मुष्टियुद्ध गाजवलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून शरीराचा खालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकलं. कबीर खानच्या ‘चंदू चॅम्पियन’ला गाणी प्रीतमची, पार्श्वसंगीत ज्युलियस पॅकियमचं. आगगाडीतल्या पोरांचं धमाल गाणं मजेदार आहे, विजयाचं गाणंही ताकदीचं आहे. पण मी वाट पाहत होतो ती वारणा-कृष्णेकाठच्या हलगीची. इस्लामपूरकडच्या तालमीत वाढलेल्या पोराच्या कानात हलगी असणारच. कुस्तीच्या फडात जी घुमते तीच त्याने सिकंदराबादच्या रिंगणात मनातल्या मनात ऐकली असेल, असं मला वाटतं. हा सूर चित्रपटाच्या हाताशी होता.

म्हणून निखतचा विचार मनातून जात नाही. २०२२ साली इस्तंबूलमध्ये आणि २०२३ मध्ये दिल्लीत ती जगज्जेती झाली. तिचं निजामाबाद नांदेडच्या वेशीला लागून. बोधनच्या बाजूला मराठी घरं आहेत, शहरात दखनी उर्दू आहे, गावागावांत तेलुगू आहे. अजान, बतुकम्मा सणाची गाणी, वारकऱ्यांचं भजन हे सगळं तिथे एका दिवसात कानावर पडू शकतं. जो संगीतकार हे काम घेईल त्याने आधी काचीगुड्याहून निघणाऱ्या गाडीत बसावं आणि निजामाबादच्या मैदानावर, जिथे मुलींना हातमोजे घालू द्यावे की नाही यावर एकेकाळी वाद होत असे, तिथे नुसतं बसून ऐकावं. दखनीतली अंगाई कशी म्हणतात ते तिथल्या आयांना विचारावं. वाद्यवृंद मुंबईत नंतर जमवता येईल. केशवराव भोळ्यांनी आधी पागनिसांचं भजन ऐकलं होतं, चाल मग बसवली.